यंत्र पूर्ण थांबेपर्यंत हात बाहेरच

प्रश्न : आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कपडे पिळायचं हायड्रो आहे. झाकणाचा स्विच तार लावून कायमचा दाबून ठेवलाय, त्यामुळे झाकण उघडं असतानाही ड्रम फिरतो. साहेबांना सांगितलं तर ‘जपून काम करा’ म्हणतात. – लाँड्री कामगार, मिरज

ती तार आजच काढायला लावा, तोवर मशीनला हात लावू नका. हायड्रोचं बटण बंद केलं तरी ड्रम लगेच थांबत नाही, काही वेळ फिरत राहतो. आता संपतच आलंय असं वाटून माणूस चादरीचं टोक ओढायला हात घालतो. ओल्या चादरीचा पीळ मनगटाला बसतो आणि हातच आत खेचला जातो. ही जखम सुरीसारखी स्वच्छ नसते. हाड पिळून मोडतं, नसा आणि रक्तवाहिन्या ताणून तुटतात, आणि असा हात पूर्ववत करणं फार अवघड असतं. रात्रपाळीच्या शेवटी, चादरींचा ढीग समोर असताना कुणीही किती जपणार? झाकण उघडलं की वीज तुटली पाहिजे आणि ड्रम थांबेपर्यंत झाकण उघडताच येऊ नये, ही सोय माणूस दमतो म्हणूनच केलेली असते. तक्रार लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. दुरुस्तीवाला आला की मेन स्विच बंद करून कुलूप, आणि किल्ली त्याच्याच खिशात. अंगठी, बांगड्या, सैल बाही, ओढणी यांपैकी काहीही फिरत्या मशीनजवळ नको. हातमोजेसुद्धा तिथे घात करतात, कारण मोजा अडकला की बोटही त्याच्यासोबत जातं.

प्रश्न : प्लास्टर कटरनं कातडी कापत नाही म्हणतात. मग माझ्या डाव्या अंगठ्याला जखम कशी झाली? – प्लास्टर रूम सहायक, सांगली

त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. मऊ कातडी त्याच्यासोबत हलते म्हणून सहसा वाचते. पण कातडी हाडावर ताणलेली असेल किंवा पातं ओढत नेलं तर ती कापते. पातं दाबायचं, उचलायचं, पुढे ठेवायचं. आधार देणारा डावा हात पात्याच्या रेषेत नको. फायबरचं प्लास्टर कापताना पातं चटकन तापतं, त्यामुळे रुग्णालाही चटका बसतो. मधूनमधून थांबून पातं गार होऊ द्या.

प्रश्न : सेंट्रीफ्यूजमध्ये (रक्ताच्या ट्यूब वेगानं फिरवणारं मशीन) काचेची ट्यूब फुटली. काचा काढताना मोज्यातून बोटाला लागली. – लॅब टेक्निशियन, विटा

बोट पिळू नका, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, लगेच वरिष्ठांना कळवा. ट्यूबमध्ये ज्याचं रक्त होतं त्या रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी व्हायला हवी. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलंच तर शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. तुमचे हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस झालेत का, तेही सांगा. पुढच्या वेळी ट्यूब फुटल्याचा आवाज आला की मशीन बंद करून झाकण अर्धा तास लावलेलंच ठेवा, म्हणजे हवेत उडालेले रक्ताचे सूक्ष्म थेंब खाली बसतील. काचा चिमट्यानंच उचला.

प्रश्न : आई हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडे आहे. तिथे एका मावशींचं बोट कणकेच्या मशीनमध्ये तुटलं, कुणीतरी ते बर्फातच टाकलं. बरोबर आहे का? – वाचक, कुपवाड

नाही. थेट बर्फ लागला तर पेशी मरतात. तुटलेलं बोट सलाईननं ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा. हाताला सूज चढायच्या आत बाकीच्या बोटांतल्या अंगठ्या काढा. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागते. 108 ला फोन करा आणि बोट जोडणारे सर्जन कुठे आहेत ते निघण्याआधीच विचारा.

मावशींनी अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यायला हवी होती, अजून झाली नसेल तर आता करा. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर ते दाखवा. नसेल तर कामगार नुकसानभरपाई मागता येते. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी 30 टक्के, तर्जनी गेल्यास 14 टक्के धरली होती; आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. ठेकेदार हात झटकत असेल तरी ज्या हॉस्पिटलसाठी त्या काम करत होत्या, त्यांच्याकडेही भरपाई मागता येते.