उत्तर: तीन सेशननंतर झोपच उडाली, थेरपी सोडू का?

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज परत वाचली. मनावरच्या आघातासाठी (ट्रॉमासाठी) थेरपी सुरू केली, तीन सेशन झाली, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगता, घरी आल्यावर दोन-दोन दिवस डोळ्याला डोळा लागत नाही, त्यापेक्षा आधीच बरी होते, सोडून देऊ का. सात वर्षांपूर्वी मी जवळजवळ हेच एका मैत्रिणीला विचारलं होतं. ती म्हणाली सोड, मी सोडली. म्हणून हा एवढा खटाटोप.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही, पेशंटच्या खुर्चीत बरीच वर्षं बसलेली बाई आहे फक्त. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर हे वाचत बसू नका. कोणाला तरी जवळ बोलवा आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा.

फ्लॅशबॅक म्हणजे काय (तो प्रसंग आत्ताच घडतोय असं परत अनुभवणं) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे हे पोस्टवरून दिसतंय, ते गाळते.

माझा अपघात रात्रीचा. भाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी झोपले होते. जाग आली तेव्हा गाडी आडवी, सगळं चिडीचूप, आणि इंडिकेटर मात्र चालू. टक्, टक्, टक्. भाऊ वाचला, पण एक पाय गेला.

मी ज्या केंद्रात जात होते (नाव घेत नाही, आता तिथे कोण आहे कोण जाणे) तिथे दर वेळी नवा समुपदेशक. आधीची फाइल कोणी उघडून बघायचं नाही. "सुरुवातीपासून सांगा, मनातलं बाहेर पडलं की हलकं वाटेल." चार वेळा गेले, चौघांना सुरुवातीपासून सांगितलं. चौथ्या वेळी सांगता सांगता भिंतीवरच्या घड्याळाची टकटक कानात शिरली आणि माझे हात बधिर झाले. समोरचे गृहस्थ लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "रडून घ्या." मग वेळ संपली आणि फीडबॅक फॉर्म हातात आला. मी काय केलं असेल? 'समाधानकारक'वर खूण केली आणि परत गेले नाही.

ही माझी घोडचूक. त्रास वाढलाय हे एकालाही तोंडाने सांगितलं नाही आणि परस्पर ठरवून टाकलं की थेरपी आपल्यासाठी नाही. त्यात दोन वर्षं गेली. आधी हायवे टाळला, मग रात्रीचा प्रवास, मग ती शेजारची सीट, शेवटी गाडीच. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि भीती त्यावरच पोसली जाते.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. नुसतं पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे उपचार नव्हे. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' या उपचारपद्धतीत प्रसंग परत परत सांगायचाच असतो, पण माणूस तोच, सेशन साधारण 90 मिनिटांचं, मधे मधे ताण 0 ते 100 मध्ये किती ते विचारतात, रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं, आणि उठण्याआधी सावरायला वेळ देतात. जखम उघडी टाकून "पुढच्या आठवड्यात या" असं नसतं. घटना ताजी असताना एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याच्या विरोधात तर जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. त्याच संघटनेने 2013 मध्ये पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्या प्रौढांसाठी ट्रॉमावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ईएमडीआर ही दुसरी थेरपी सुचवली. ईएमडीआरमध्ये ती आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे फिरवायचे असतात हे ऐकून मला हसू आलं होतं. डोळे फिरवण्यानेच फरक पडतो का यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण गुण येणारे बरेच आहेत.

मला लागू पडली सीपीटी, म्हणजे प्रसंगाबद्दल मनात रुतून बसलेल्या समजुती तपासून बघणारी थेरपी, साधारण 12 सेशनची. पहिल्या भेटीत घाबरत घाबरत घड्याळाचं सांगितलं. थेरपिस्ट बाई उठल्या, घड्याळ काढलं, बाहेर पॅसेजमध्ये ठेवून आल्या. प्रसंग तपशिलात सांगायला लावलाच नाही. 'मी जागी असते तर हे झालं नसतं' या एका वाक्यावरच बसलो. त्यांनी विचारलं, "तुम्ही जाग्या असतात तर नेमकं काय केलं असतंत?" मी म्हटलं, ओरडले असते. "कोणाला? भाऊ जागाच होता ना?" ट्रक चुकीच्या बाजूने आला होता, दिसला तेव्हा वेळच उरला नव्हता. हे मी आधी चौघांनाही सांगितलं होतं हो! तिथे थांबून प्रश्न कोणी केला नव्हता, आणि माझं मलाही ऐकू आलं नव्हतं. दोष असा एका दिवसात उतरला नाही, पण त्या रात्री मी इंडिकेटरऐवजी ट्रकचा विचार करत झोपले.

तुमचा त्रास लहानपणापासूनचा, वर्षानुवर्षांचा असेल तर माझ्या 12 शी तुलना करू नका. आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, त्याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं नावच आहे. तिथे आधी सावरायला शिकण्यातच बरेच दिवस जाऊ शकतात.

सुरुवातीला थोडं ढवळून निघतंच. पण तुमची झोप उडालीय हे तुमच्या थेरपिस्टला माहीत आहे का? पोस्टमध्ये तसं कुठे दिसलं नाही. पुढच्या वेळी आधी तेच सांगा. कोणती पद्धत वापरताय आणि शेवटची दहा मिनिटं कशासाठी ठेवता, हेही विचारा. नीट उत्तर मिळालं तर अजून थोडा वेळ द्या. कपाळाला आठ्या पडल्या तर माणूस बदला, थेरपी नको.

झोपेच्या गोळ्या चालू असतील तर सायकिअ‍ॅट्रिस्टशी बोला, मनाने सुरू-बंद करू नका. आणि सेशन ऑफिसच्या मधल्या सुट्टीत तर अजिबात ठेवू नका. मी ठेवत होते. अर्ध्या तासात मीटिंगमध्ये जाऊन बसायचे, नाक लाल, डोळे सुजलेले, आणि साहेब दर गुरुवारी विचारायचे, सर्दी अजून गेली नाही का.