मॅडम, यातला खरा आकडा कोणता?

गेल्या वर्षी एक सतरा वर्षांची पोर आईला घेऊन आली. पंधराशे मीटर पळणारी. वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या चरबीचे तीन आकडे होते: जिमच्या मशीनवर २७ टक्के, सरांनी कातडीची घडी चिमट्यात धरून मोजलं तर २१, डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणाऱ्या तपासणीत, २४. "मॅडम, यातला खरा कोणता?"

हे मला जवळजवळ प्रत्येक खेळाडू विचारतो. जिवंत माणसाची चरबी थेट तोलता येत नाही. तिन्ही पद्धती वेगवेगळ्या वाटेने अंदाजच बांधतात. मशीनवर अनवाणी उभं राहिलं की पायांतून अगदी सौम्य वीज जाते. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून ती सहज जाते; चरबीत अडखळते. अंगात पाणी कमी असलं की मशीन चरबी वाढवून दाखवतं.

"त्या दिवशी पाणी किती प्यायली होतीस?"

तिने आईकडे पाहिलं. "वजन कमी भरावं म्हणून सकाळपासून प्यायलेच नव्हते."

मग मी माझा चिमटा काढला. दंडामागे पेनाने खूण करून तिथली घडी मोजली, १४ मिलिमीटर. बोटभर खाली धरलं, १६. त्यावरून टक्के काढायचं प्रचलित सूत्र १९८० सालचं, १८ ते ५५ वयाच्या बायकांवर बेतलेलं. ही सतराची! म्हणून मी टक्के काढतच नाही, सगळ्या जागांच्या मिलिमीटरची बेरीज लिहून ठेवते. डेक्सा स्कॅन तिघांत उजवा, पण यंत्र बदललं की त्याचाही आकडा हलतो.

तिचा चेहरा ओढलेला होता. विचारलं, "पाळी कधी आली होती?"

आईच बोलली, "चार महिने झाले. पळणाऱ्या मुलींचं असंच असतं म्हणतात."

नसतं हो! हे ऐकलं की माझा जीव तुटतो. पळण्याच्या मानाने पोटात अन्न कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, पाठोपाठ हाडं ठिसूळ होऊ लागतात. त्याच स्कॅनमधलं हाडांचं पान कोणी वाचलंच नव्हतं. ते घेऊन त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बंद केलेली रात्रीची भाकरी सुरू करायला लावली, चरबी मोजणं थांबवलं.

अडीच महिन्यांनी आईचा फोन आला, पाळी आली. मागून पोरीचा आवाज, "मग आता मोजायचं का?"

म्हटलं, अजून दोन महिने नीट जेव. मग ये, याच चिमट्याने, त्याच जागांवर मीच मोजेन. आणि येताना पाणी पिऊन ये.