विचारा की ओ : फोनमधनं म्युझियम बघताना

यावेळी सगळ्यात जास्त प्रश्न एआरचे, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीचे आलेत. फोनचा कॅमेरा एखाद्या वस्तूवर धरला की स्क्रीनवर ती वस्तू तर दिसतेच, शिवाय तिच्यावर चित्र, आवाज, थ्रीडी आकार येऊन बसतो, ते हे तंत्र. निम्मे प्रश्न शाळा-कॉलेजातनं आलेत याचा मला लई आनंद झाला, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला.

प्रश्न : मी कागलजवळच्या शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी पोरांना कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला नेतो, पण भराभर फिरून सगळी बाहेर बागेत येतात. एआर वापरलं तर थांबतील का, का नुसती फोनमध्येच डोकं घालून बसतील?

ताई, थांबतील, पण कशापुढं थांबवायचं ते आधी तुम्ही ठरवायला पाहिजे. सगळं म्युझियम दाखवायच्या नादाला लागू नका, एकच वस्तू निवडा, आणि माझं ऐकाल तर पोसायडन निवडा. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात ज्या वस्तू सापडल्या त्यात हा ग्रीक समुद्रदेवाचा छोटासा ब्राँझचा पुतळा होता. सातवाहनांच्या काळातला रोमन व्यापाराचा माल, आणि तो सापडला कुठं तर आपल्या कोल्हापुरात, समुद्र इथनं किती लांब! पोरांना हे नुसतं सांगितलं तर ती मान डोलवतात आणि पुढं जातात, कारण काचेपलीकडं दिसतो तो एक हिरवट काळसर बारका माणूस आणि खाली पाटीवर दोन ओळी.

आता हितं एआरचं काम सुरू होतं. कॅमेऱ्यातनं तोच पुतळा हातभर मोठा होऊन सगळ्या बाजूनं फिरवता आला, पाठ दिसली, केस दिसले, की नजर थांबते. मग हाताची ठेवण बघायला लावा आणि विचारा, या देवाची खूण म्हणजे त्रिशूळ, तो कुठल्या हातात असेल, कसा धरला असेल? पोरांनी उत्तर दिल्यावरच स्क्रीनवर त्रिशूळ आणायचा, आधी नाही. आणि तिसरी गोष्ट नकाशाची : इजिप्तमधनं तांबड्या समुद्रात, तिथनं मान्सूनच्या वाऱ्यावर जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्याला, सोपारा, कल्याण, चौल अशी बंदरं, मग घाट चढून देशावर. ही वाट पोरांच्या पायाखालच्या फरशीवर उमटली आणि ती तिच्यावरनं चालत गेली तर पुस्तकातलं ‘रोमन व्यापार’ हे प्रकरण जन्मात विसरणार नाहीत, मला खात्री आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्ग-इतिहास संग्रहालयानं हेच केलंय. त्यांचं हाडांचं दालन १८८१ सालचं, सांगाडेच सांगाडे, माणसं भराभर पुढं सरकायची. २०१५ मध्ये त्यांनी ‘स्किन अँड बोन्स’ नावाचं ॲप काढलं, फोन धरला की सांगाड्यावर अंग चढायचं आणि प्राणी हलायला लागायचा. सांगाडे तेच, दालन तेच, पण बघणाऱ्याला हाड कशाला आहे ते कळायला लागलं.

राहिला फोनमध्ये डोकं घालायचा प्रश्न. चार पोरांत एकच फोन द्या. आणि पहिली पाच मिनिटं फोन पिशवीत, नुसतं बघायचं आणि वहीत पुतळ्याचं चित्र काढायचं, वाकडंतिकडं आलं तरी चालेल. चित्र काढताना पोराला जे अडतं ना, पाय असा का वाकलाय, हात असा का उचललाय, तेच प्रश्न घेऊन ते फोनकडं वळलं पाहिजे. म्युझियमचं स्वतःचं ॲप नसलं तरी अडत नाही, कॉम्प्युटरच्या सरांना शेवटचं उत्तर वाचायला द्या. म्युझियमच्या लोकांना मात्र आधी भेटून परवानगी घ्या.

प्रश्न : मी शाहूपुरीत राहतो, वय सत्तरीच्या पुढं. आम्ही आबालाल रहिमानांच्या चित्रापुढं तासभर उभं राहायचो. आता तिथंपण मोबाईल घुसवायचा म्हणजे बघणं संपलंच की! कशाला पाहिजे हे?

काका, चित्रांच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. जे चित्र आपल्यासमोर धडधाकट लटकलंय त्याच्यावर आणखी काही चढवायची गरजच नाही, फार तर शेजारी चित्रकाराची माहिती ऐकू यावी, एवढंच. एआर पाहिजे ते जिथं काहीतरी हरवलंय तिथं. तुटलेला हात, उडालेला रंग, पडलेली भिंत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०२२ साली प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांच्या मूळ रंगांवर प्रदर्शन झालं, आज पांढरी दिसणारी शिल्पं एके काळी रंगवलेली असायची, तर त्या रंगांसाठी त्यांनी एआर वापरलं. मूळ दगडाला बोट न लावता रंग दाखवता आला.

आणि काका, एक काम तर तुमच्यासारख्या माणसांशिवाय होणारच नाही. म्युझियम ऑफ लंडननं २०१० मध्ये ‘स्ट्रीटम्युझियम’ ॲप केलं, रस्त्यावर उभं राहून फोन धरला की त्याच जागेचा जुना फोटो आजच्या रस्त्यावर दिसायचा. भवानी मंडपापुढं, रंकाळ्यावर, बिंदू चौकात असं करायला काय हरकत आहे? पण जुने फोटो आहेत घराघरातल्या ट्रंकेत. तुमच्याकडं असतील तर प्रत्येक फोटो नेमका कुठं उभं राहून काढलाय, कुठल्या बाजूला तोंड करून, कुठल्या साली, ते एका वहीत लिहून ठेवा. ही माहिती एकदा गेली की कुठलंच सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

प्रश्न : एआर ॲप टाकायला गेलो की ‘तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही’ असं येतं. मित्राच्या फोनवर चालतं, पण काचेच्या पेटीपुढं चित्र सारखं थरथरतं, सरकतं. असं का?

तुझ्या फोनमध्ये बहुतेक जायरोस्कोप नसणार, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना नसतो. फोन किती वळला, किती कलला हे तो सेन्सर सांगतो, आणि कॅमेरा समोरच्या दृश्यातले ठळक ठिपके, कोपरे, कडा पकडून ठेवतो. या दोन्हीचा मेळ घालून फोन हिशोब करतो की आपण खोलीत कुठं आहोत. अँड्रॉइडमध्ये हे काम गूगलचं एआरकोर करतं, आयफोनमध्ये ॲपलचं एआरकिट. आता काचेत काय होतं, तू हललास की काचेतलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंबपण हलतं, फोन त्यालाच खरी वस्तू समजतो आणि हिशोब चुकतो. कोरी पांढरी भिंत, अंधारी खोली, हितंपण तेच, पकडायला ठिपकेच नाहीत. त्यामुळं जरा तिरकं उभं राहा, पेटीची चौकट किंवा पाटी फ्रेममध्ये घे, फोन सावकाश हलव. फ्लॅश कधीच मारू नको. जुन्या फोनसाठी छापील खुणेवर चालणारं एआर बघ, कार्डावरचं चित्र कॅमेऱ्यानं ओळखलं की झालं, जायरोस्कोप लागत नाही.

प्रश्न : न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये आत फोटो काढायला बंदी आहे. मग एआर कसं करणार?

आत नाहीच करायचं. एआरला कॅमेरा चालू लागतो, आणि नियम तो नियम. पण बाहेरची इमारत काय कमी आहे का? काळ्या दगडातला हा राजवाडा १८७७ ते १८८४ मध्ये उभा राहिला, आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, आणि आपला टाऊन हॉलपण त्याचाच. दोन्ही एकाच दिवशी बघा, कमानी आणि मनोरे शेजारी शेजारी ठेवून बघा. एवढ्यावर आवारातनं बघता येईल असं छान एआर होऊ शकतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, आमच्या गावात देवळापाशी पाच-सहा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेत. त्यांचं एआर करायचंय, बजेट शून्य. कुठनं सुरू करू?

भावा, विषय एक नंबर निवडलायस! वीरगळ म्हणजे एआरसाठीच घडवल्यासारखा दगड, कारण त्यात गोष्ट आहे आणि ती खालनं वर वाचायची असते. सगळ्यात खाली लढाई नाहीतर पडलेला वीर, कधी चोरीला गेलेली गुरं सोडवतानाची चकमक, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. गावातल्या लोकांना हा क्रमच माहीत नसतो, म्हणून तर त्याच दगडावर बसून गप्पा चालतात. फोन धरला की खालची चौकट उजळली, आवाज आला, मग तिच्या वरची, एवढं केलंस तरी काम झालं.

आधी फोटो. ढगाळ दिवस बघ, कडक उन्हात सावल्या पडून कोरीव काम मॉडेलमध्ये काळं होतं. दगडाभोवती फिरत फिरत शंभरभर फोटो काढ, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण सत्तर टक्के भाग परत आला पाहिजे, एकदा खालनं, एकदा मधनं, एकदा वरनं. शेजारी मोजपट्टी ठेव म्हणजे आकार खरा येईल. मग हे फोटो मेशरूम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घाल, फुकट आहे, त्यातनं थ्रीडी मॉडेल तयार होतं. पहिल्यांदा दगडच घेतोयस ते बरं, चकचकीत धातू आणि काच असल्या वस्तूंना हे सॉफ्टवेअर फसतं. मॉडेल नंतर हलकं कर, चार-पाच एमबीच्या आत आण, नाहीतर गावातल्या नेटवर्कवर उघडता उघडता माणूस कंटाळून निघून जाईल. ब्राउझरमध्ये दाखवायला मॉडेल-व्ह्यूअर, आणि दगडाचा फोटो ओळखून त्यावर चित्र चढवायला माइंडएआर, दोन्ही मोफत, ॲप टाकायची भानगड नाही, क्यूआर कोड स्कॅन केला की चालू. आवाज गावातल्याच एखाद्या आजोबांचा नाहीतर मावशींचा घे, आपल्या बोलीत.

दोन गोष्टी मात्र कळकळीनं सांगतो. वीरगळ फोटोत उठून दिसावा म्हणून त्यावर खडू, तेल, पाणी काहीही लावू नको, आणि कुणी ऑइलपेंट मारायला निघालं तर हात जोडून थांबव, कोरीव काम भरून गेलं की परत निघत नाही. दुसरं, काम सुरू करायच्या आधी ग्रामपंचायतीला आणि देवळाच्या पुजाऱ्यांना विचार. क्यूआर कोडचा स्टिकर दगडावर अजिबात चिकटवायचा नाही, बाजूला लोखंडी पट्टीवर छोटी पाटी उभी कर, ऊन-पावसात टिकेल अशी. पहिला वीरगळ तयार झाला की लिंक पाठव, पुढच्या अंकात छापू.