‘से’ म्हणजे सेंट नव्हे, आणि समुद्र तर नव्हेच

प्रश्न असा आला आहे : “जुन्या गोव्यातल्या ‘से कॅथेड्रल’मधला ‘से’ हे ‘सेंट’चं लघुरूप का? कॅथेड्रल आणि बासिलिका यांत फरक काय? मराठीत दोन्हींना ‘मोठं चर्च’ म्हटलं तर चालेल का?”

नाही चालणार. लघुरूपही नाही. पण तुम्ही निदान विचारलंत. मागच्या खेपेला आमच्या गाइडने माइकवरून खुशाल ‘सी कॅथेड्रल’ म्हटलं आणि “पूर्वी इथून समुद्र दिसायचा” अशी पुस्ती जोडली. जवळ आहे ती मांडवी नदी. त्याच दमात त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवही याच इमारतीत आणून ठेवलं. ते रस्त्यापलीकडच्या बॉम जीझस बासिलिकेत आहे, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत. बसमधल्या चाळीस माणसांनी मान डोलावली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

‘से’ हा पोर्तुगीज शब्द. लॅटिन ‘सेदेस’ म्हणजे आसन, त्याचं झिजून ‘से’ झालं. लिस्बनमध्येही ‘से’ आहे, पोर्तोमध्येही, आणि ब्राझीलच्या साओ पावलोत तर अख्ख्या चौकाचं नाव ‘प्रासा द से’. आसन कुणाचं? बिशपचं, म्हणजे धर्मप्रांताच्या मुख्य धर्मगुरूचं. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन ते कॅथेड्रल. लांबीरुंदीचा काही संबंध नाही. मुंबईतलं फोर्टमधलं सेंट थॉमस (हे मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, कॅथलिक नव्हे) 1718 पासून साधं चर्च होतं, 1837 मध्ये कॅथेड्रल झालं. भिंती रातोरात वाढल्या नव्हत्या, बिशप आला होता. 1998 मध्ये वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि पापडीच्या चर्चचंही तेच झालं.

आता खरी गंमत. ‘कॅथेड्रल’ या शब्दाचाही अर्थ आसनच. ग्रीक ‘काता’ म्हणजे खाली आणि ‘हेद्रा’ म्हणजे बैठक. मधला स्वर गळतो, त् आणि ह एकमेकांना भिडतात, आणि ‘काथेद्रा’ होतं. अगदी आपली संधी! आता ग्रीकमधला सुरुवातीचा ‘ह’ पुष्कळदा आपल्या ‘स’च्या जागी येतो : सप्त–हेप्ता, सम–होमो. मग ‘हेद्रा’तला ‘हेद्’ कोण? आपला सद् धातू. सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद या सगळ्यांचा बाप. लॅटिन ‘सेदेस’ही त्याच घरातला. म्हणजे ‘से कॅथेड्रल’ हे ‘आसन-आसन’ झालं, आपल्या पावरोटीसारखं. पाव म्हणजे पोर्तुगीज रोटी, तिला वर आणखी रोटी जोडलेली. पण इथे दोष आपला नाही, पोर्तुगीजच ‘से कातेद्राल’ म्हणतात.

एवढ्यावर थांबेन तर मी कसला. ‘खाली’ अधिक ‘बसणं’ हीच जोडणी आपल्याकडे नि + सद् अशी होती. तिच्यातून निघालेला फार जुना शब्द म्हणजे नीड. घरटं! इंग्रजी ‘नेस्ट’ त्याचा सख्खा भाऊ. कॅथेड्रल आणि घरटं यांची घडण एकसारखी आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी जेवायचा विसरलो होतो.

याच ‘काथेद्रा’चा दुसरा वंशज गोव्याच्या घराघरात आहे. ‘कातेद्रा’ घासून घासून पोर्तुगीजमध्ये ‘कादेइरा’ झालं, म्हणजे खुर्ची, आणि कोकणीत त्याचं ‘कदेल’. “कदेलार बस” म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडी कॅथेड्रलच असतं. इंग्रजी ‘चेअर’ही फ्रेंचमार्गे त्याच ‘काथेद्रा’तून आलेली.

मराठी प्रतिशब्द कोणता, असं कुणी विचारलं की ‘महामंदिर’ सुचवणारे हमखास भेटतात. त्यात बसणं कुठे आहे? ‘धर्मपीठ’ त्याहून बरा, आणि माझ्या मते तर नेमका, कारण ‘पीठ’ हाही सद् धातूचाच मुलगा असावा. पीड् धातू पहा. तो ‘पि + सद्’, म्हणजे वर बसणं, यातून आला हे बहुतेकांना मान्य आहे; ग्रीकमध्ये ‘पिएझो’ म्हणजे दाबणे. मराठी माणसाला तर हे शिकवायलाच नको, पीडा आपल्या मानगुटीवरच बसते. मग ज्याच्यावर बसायचं ते ‘पीठ’ त्याच वाटेने आलं म्हणायला काय हरकत आहे? ‘पीठ’ मुळात संस्कृत नाहीच, बाहेरून आला, असं मानणारे विद्वान आहेत. अडचणीचा शब्द दिसला की परका ठरवून हात झटकायचे, ही पद्धत सोपी खरी. मला पटत नाही. आणि पीठ नको असेल तर ‘प्रासाद’ घ्या. देवळालाही प्रासाद म्हणतात, त्यातही सद् आहे, आणि मूळ अर्थ उंचावरची बैठक. (गंमत म्हणजे रोजच्या ‘बसणे’त सद् नाही. ते उपविश्, उवइस, बइस असं घसरत आलंय.)

कुठे होतो? हां, गोव्यात. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला तो 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, म्हणून ही ‘से’ तिच्या नावाची. ‘कॅथरिन’चा ‘कॅथेड्रल’शी काही संबंध नाही, कृपया जोडू नका. आजची इमारत 1562 मध्ये सुरू झाली, बांधकाम 1619 मध्ये संपलं. बाहेरून तस्कन पद्धतीचा साधेपणा, आत कोरिंथियन खांब आणि मुख्य वेदीवर सोन्याच्या मुलाम्यात कोरलेले कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग. दर्शनी बाजूला एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा 1776 मध्ये पडला आणि परत बांधला नाही. उरलेल्यात ती प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे. लोक त्या घंटेचे फोटो काढतात. आसनाकडे कुणी बघत नाही.

बासिलिका राहिलीच. ग्रीक ‘बासिलिके’ म्हणजे राजेशाही, राजाची. रोमन लोकांची बासिलिका ही लांबट दालनाची सरकारी इमारत : कोर्टकचेरी, व्यापाऱ्यांची सौदेबाजी, सगळं तिथेच. एका टोकाच्या अर्धवर्तुळात न्यायाधीश बसे. ख्रिस्ती मंडळींनी चर्चसाठी तोच आराखडा उचलला आणि त्या टोकाला बिशपची काथेद्रा मांडली. (बघा, परत खुर्ची आलीच.) आज मात्र बासिलिका ही पोपने दिलेली पदवी आहे. बॉम जीझसची इमारत 1605 मध्ये पवित्र झाली, पदवी मिळाली 1946 मध्ये. वांद्र्याच्या माउंट मेरीला 1954 मध्ये.

तेव्हा लिहिताना ‘से’ एवढंच लिहिलं तरी पुरे. बिचकत असाल तर ‘से कॅथेड्रल’ लिहा. आणि गोवेकरासारखं ‘इगर्ज’ म्हणालात तर मला आनंदच होईल, पण त्यात आसन नाही. तो लॅटिन ‘एक्लेसिया’तून आलेला, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. बसलेली की उभी, ते त्यात सांगितलेलं नाही.