मुलाला रंग दिसत नाहीत, की रंगांची नावे येत नाहीत?

नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात एक आई आणि आजी साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. आजींनी पिशवीतून रंगांचा तक्ता काढून टेबलावर पसरला आणि मी काही बोलण्याआधीच नातवाला विचारले, "सांग बाळा, हा कोणता रंग?" आजींचे बोट पिवळ्या चौकोनावर होते. मुलाने तक्त्याकडे न पाहता आजींच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि "लाल" असे उत्तर दिले. पुढच्या दोन्ही चौकोनांना तो "लाल"च म्हणाला आणि मग आईच्या ओढणीआड शिरला.

वर्गातल्या इतर मुलांना सगळे रंग येतात, असे खेळवर्गाच्या बाईंनी आईला सांगितले होते. पण तिच्या मनात खरी सलत होती ती वेगळीच गोष्ट. तिचा सख्खा भाऊ रेल्वेच्या लोको पायलट भरतीत रंगदृष्टीच्या तपासणीत अपात्र ठरला होता. ही भीती निराधार नव्हती. लाल-हिरव्या रंगांधळेपणाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे मुलाकडे तो आईकडूनच येतो. सख्ख्या मामाला तो असेल आणि आईच्या वडिलांना नसेल, तर भाच्यात उतरण्याची शक्यता साधारण चारांत एक इतकी असते. म्हणून "काही नसेल हो" असे म्हणून मी विषय मिटवला नाही.

मात्र रंग दिसणे आणि रंगाचे नाव सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार-पाच महिन्यांच्या बाळालाही रंगांतला फरक बऱ्यापैकी दिसू लागतो; नावे पक्की व्हायला मात्र तिसरे-चौथे वर्ष उजाडते, कारण चेंडू हातात धरता येतो, त्याचा लाल रंग वेगळा काढून धरता येत नाही. त्यातून आपल्या मराठीत आंबा पिवळा, साडी पिवळी आणि फूल पिवळे असते, लाल मात्र सगळीकडे लालच राहतो, आणि खेळवर्गात त्याच पिवळ्याला "येलो" म्हणतात. एका रंगासाठी चार शब्द कानावर पडणाऱ्या मुलाने गोंधळून जाणे मला तरी अगदी स्वाभाविक वाटते.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि माझ्याकडचा प्लास्टिकच्या बांगड्यांचा डबा जमिनीवर ओतला. कोणत्याही रंगाचे नाव न घेता एक बांगडी उचलून म्हटले, "हिच्या बहिणी कुठे आहेत?" तो ओढणीआडून बाहेर आला. लाल-हिरव्याचा गोंधळ असलाच तर दिसावा म्हणून मी सारख्याच गडद छटेच्या लाल आणि हिरव्या बांगड्या मुद्दाम मिसळल्या होत्या. एक गडद हिरवी त्याने खिडकीच्या उजेडात नेऊन निरखली, परत येऊन हिरव्यांच्याच ढिगात ठेवली आणि पहिल्यांदाच हसला. आजी हे सारे डोळे विस्फारून पाहत होत्या.

तरीही बांगड्यांचा खेळ ही वैद्यकीय तपासणी नव्हे, म्हणून मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. रंगीत ठिपक्यांच्या पानांवरून रंगदृष्टी तपासणाऱ्या इशिहारा चाचणीत, अंक न वाचता येणाऱ्या मुलांसाठी बोटाने गिरवायच्या वळणदार रेषांची पाने असतात; ती त्याने नीट गिरवली आणि रंगदृष्टी निर्दोष असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

घरी काय करायचे, हे आजींनीच अधिक मनावर घेतले. मी त्यांना "हा कोणता?" हा प्रश्न काही काळ पूर्ण बंद ठेवायला सांगितला. माँटेसरी पद्धतीत आधी मोठ्यांनी नाव सांगायचे, मग "पिवळा दे" म्हणून मुलाकडून वस्तू मागायची आणि सर्वांत शेवटी त्याला नाव विचारायचे, असा क्रम असतो. आपण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि मूल अडखळले की घाबरतो. महागडी खेळणी आणायला मी ठामपणे नको म्हटले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा आसपास सापडणारी पाने, बिया आणि शिंपलेच त्यांनी शिक्षणाचे साहित्य म्हणून वापरले होते. या घरात वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे होते आणि आजींची रोजची भाजीची फेरी होती. एक आठवडा एकच रंग घ्यायचा, आणि "पिवळं लिंबू" म्हणण्याऐवजी "हे लिंबू पिवळं आहे" असे म्हणायचे, म्हणजे मुलाचे लक्ष आधी वस्तूवर स्थिरावते आणि मग रंगाचा शब्द कानी पडतो, असे ठरले.

दीड महिन्यानंतर आजी एकट्याच भेटायला आल्या. जांभळी नाक्याच्या बाजारात नातवाने टोपलीतले वांगे उचलून, कोणी न विचारता, "आजी, वांगं जांभळी!" असे मोठ्याने सांगितले होते. आजींनी त्याची चूक काढली नाही. "हो रे राजा, वांगं जांभळं आहे," एवढेच म्हणून त्यांनी ते वांगे त्याच्याच छोट्या पिशवीत टाकले.