चिंगीसाठी एफडी मोडू का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि सोबतच्या वहीच्या पानाचा फोटो त्याहून जास्त वेळ बघत बसलो. चौकटीच्या वहीत तुमच्या लेकीने आजारी चिंगी मांजरीसाठी रकाने आखलेत: तारीख, ताप, वजन, काय खाल्लं. वजनाच्या रकान्यात ‘परातीसकट 2.4, परात 500 ग्रॅम’ असं लिहून शेजारी वजाबाकी केलीये. उत्तर 1.9 किलो. नऊ वर्षांची पोर ज्या घरात इतका चोख हिशोब ठेवते, त्या घराशी पैशाबद्दल मोकळेपणाने बोलता येईल असं वाटलं.

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. चिंचवडचं घर, दोघंही कमावते, हातात महिना 78 हजार. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून 61 हजार जातात. 8 हजारांची एसआयपी, 4 हजार लेकीच्या सुकन्या खात्यात. बचत खात्यात 46 हजार आणि बँकेत 3 लाखांची एफडी. घरात दोन मांजरं, दोन्ही आजारी. आठ महिन्यांच्या चिंगीच्या पोटात पाणी झालंय, निदान एफआयपी, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार. तेरा वर्षांच्या गोट्याच्या किडन्या थकल्यात. आतापर्यंतच्या खर्चातले 22 हजार क्रेडिट कार्डावर आहेत. एफडी मोडू, दीड लाखाचं पर्सनल लोन काढू, की सासूबाई देऊ करतायत त्या पाटल्या तारण ठेवू, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘जाऊबाई म्हणतात, मांजरावर लाख रुपये घालणारी माणसं पहिल्यांदाच बघितली. आमचं चुकतंय का?’

आधी त्या ओळीचं उत्तर देतो. नाही, चुकत नाही. तुमचे हप्ते वेळेवर जातात, मुलीचे पैसे बाजूला पडतात, घरात विमा आहे. त्यानंतर उरलेला पैसा कशासाठी, हे तुम्ही ठरवायचं. कुणी गाडीसाठी तीन लाख जास्तीचे मोजतो, त्याला कुणी असं विचारत नाही.

गोंधळ दुसरीकडे आहे. तुम्ही दोन्ही मांजरांचा खर्च एकत्र करून ‘दीड लाख’ असा एकच आकडा काढलाय. चिंगी आणि गोट्या यांच्याबद्दलची तुमची आशा एकसारखी नाही, म्हणून त्यांचे पैसेही एका खिशातून यायला नकोत.

चिंगीचं आधी घेऊ. 2014 साली आमच्या घरी याच आजाराने एक पिल्लू गेलं. तेव्हा कितीही पैसे असते तरी उपयोग नव्हता, कारण औषधच नव्हतं. मांजरांच्या कोरोना विषाणूत बदल होऊन हा आजार होतो, आणि तो झाला की पिल्लू जाणार हे डॉक्टरही गृहीत धरायचे. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-441524 या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाव ऐकलेल्या रेमडेसिविरचं हे सख्खं भावंड. त्यांच्याकडे घरोघरची 31 आजारी मांजरं होती. 26 मांजरांचा 12 आठवड्यांचा उपचार पुरा झाला आणि त्यातली बहुतेक सगळी जगली. तुमच्या मिस्टरांना जी आशा वाटते ती वेडी नाही, एवढं मी खात्रीने म्हणेन.

पण माझ्यासारख्या हिशोब करणाऱ्या माणसाला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. ज्या पाच मांजरांचा उपचार पुराच होऊ शकला नाही, त्यांतली चार पहिल्या दोन ते पाच दिवसांतच गेली आणि पाचवं 26 व्या दिवशी. म्हणजे उत्तर बरंचसं सुरुवातीलाच कळतं. ताप उतरतो का, ती स्वतःहून वाटीकडे जाते का, हे तुमच्या लेकीच्या वहीत लवकरच दिसायला लागेल. मग 84 दिवसांचे पैसे आज कशाला उभे करायचे?

डॉक्टरांनी तुम्हाला औषधाचे रोजचे 450 रुपये सांगितलेत, 84 दिवसांचे झाले जवळपास 38 हजार. तो हिशोब 1.9 किलोवर आहे. हे औषध वजनावर देतात, आणि चिंगी बरी व्हायला लागली की तिचं वजन वाढणार. शेवटी ती 3 किलोची झाली तर रोजचा खर्च 700 च्या पुढे जाईल. म्हणून मी औषधाचे 49 हजार धरतो. दोन महिन्यांनी बिल वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ती वाढ व्हावी म्हणूनच हे सगळं चाललंय. सुरुवातीला दवाखान्यात ठेवण्याचे 12 हजार, चार वेळच्या रक्ततपासण्यांचे 14 हजार. शिवाय 15 हजार राखीव, कारण त्या 26 मांजरांपैकी 8 मांजरांचा आजार उलटला होता आणि त्यांना पुन्हा औषध द्यावं लागलं होतं. बेरीज 90 हजार. चिंगीसाठी ही तुमची मर्यादा.

यातले पहिल्या पंधरवड्यात लागतील 22 हजारांच्या आत: दवाखान्याचे 12, चौदा दिवसांचं औषध 6,300 आणि एक तपासणी. ते बचत खात्यातून द्या. कर्ज नको, एफडीला हात नको. औषध पंधरा-पंधरा दिवसांचंच घ्या, एकदम घेतलं तर स्वस्त पडेल असं कुणी म्हणालं तरीही. आणि ते तुमच्या डॉक्टरांमार्फतच घ्या. हे औषध बऱ्याच घरांपर्यंत व्हॉट्सॲपवरच्या ओळखीतून, बिनलेबलच्या कुप्यांतून पोचतं. त्यात काय आहे, किती आहे, कुणी सांगू शकत नाही, आणि फसलात तर पैशांबरोबर उपचाराचे दिवसही जातात.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. 2024 मध्ये म्युनिकमधल्या एका अभ्यासात पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या 40 मांजरांवर 42 दिवसांचा आणि 84 दिवसांचा उपचार ताडून पाहिला, आणि दोन्हींचा गुण सारखाच आला. चिंगीचा प्रकारही पाण्याचाच आहे. तिला 42 दिवस पुरतील का, हे डॉक्टरच तपासण्या बघून सांगतील. पुरले तर औषधाचा खर्च निम्म्याहून खाली येईल, कारण महाग दिवस शेवटचे असतात. पैसे वाचवायचे म्हणून मधेच औषध बंद करणं मात्र अगदी नको.

आता एफडी. तुम्ही तिला ‘पडून असलेले पैसे’ म्हणता. 61 हजार खर्चाच्या घरात 3 लाख म्हणजे पाच महिन्यांचाही आधार नाही. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर तीच एफडी घर चालवणार आहे. ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. बहुतेक बँका एफडीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम एफडीच्या व्याजदरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जादा दराने देतात, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. तुमची एफडी 7 टक्क्यांची आहे, तेव्हा 8 टक्के धरू. फक्त ती पाच वर्षांची करबचतीची एफडी नाही ना, हे पावतीवर बघून घ्या, तिच्यावर कर्ज मिळत नाही.

ओव्हरड्राफ्ट मिळाला की पहिले 22 हजार उचलून क्रेडिट कार्ड पूर्ण भरून टाका. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतात तिथे, म्हणजे नुसत्या व्याजाचे 770 रुपये. त्यात गोट्याचं निम्म्याहून जास्त महिन्याचं सलाईन येतं. बचत खात्यातून 30 हजार वापरले तर चिंगीसाठी जास्तीत जास्त आणखी 60 हजार लागतील, तेही टप्प्याटप्प्याने. सगळं धरून उचल 82 हजार. ते फेडायला एसआयपीचे 8 हजार अकरा महिने इकडे वळवा. व्याज सगळं मिळून तीन-सव्वातीन हजारांच्या घरात जाईल. दीड लाखाचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं असतं तर व्याजच साडेचौतीस हजार झालं असतं.

थांबवलेल्या एसआयपीची किंमतही तुमच्यापासून लपवणार नाही. अकरा महिन्यांचे 88 हजार बारा वर्षं वाढले असते आणि 10 टक्के परतावा मिळाला असता, तर लेक एकवीस वर्षांची होईल तेव्हा त्यांचे पावणेतीन लाख झाले असते. हा आकडा दोघांनी मिळून बघा. तो बघूनही तुमचं मन चिंगीकडेच राहिलं, तर पुन्हा पुन्हा स्वतःला दोष देऊ नका. आणि अकरा महिने संपले की बाराव्या महिन्यात एसआयपी सुरू करा. सुकन्याचे 4 हजार चालूच राहू देत, तिथे काटछाट नाही.

पाटल्या आईंच्या हातातच राहू देत. एफडी असताना सोनं गहाण टाकायचं कारण नाही. त्यांनी देऊ केल्या, यातच सगळं आलं.

गोट्याचं वेगळं आहे. किडनी गेली की परत येत नाही. त्याच्यासाठी लाखाची रक्कम उभी करून तो बरा होणार नाही, पण दर महिन्याच्या नेमक्या खर्चात तो बरेच दिवस सुखात राहू शकतो. तुमच्या यादीप्रमाणे किडनीचं खाणं 2,800, सलाईन आणि सुया 1,200, औषधं आणि तपासण्यांचे सरासरी 1,000. म्हणजे 5 हजार, आणि सगळी वजाबाकी केल्यावर तुमच्या हातात दरमहा नेमके तेवढेच उरतात. त्याचा खर्च पगारातून चालू द्या, कर्जातून कधीच नको. कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांकडून शिकून घ्या, अनेक घरांत ते घरीच देतात. प्रत्येक फेरीची फी आणि रिक्षा वाचते, आणि पिंजऱ्यात कोंडलं जाण्याची त्याची भीतीही. औंधच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासण्यांची चौकशी करा, सरकारी दर परवडणारे असतात.

तुम्ही लिहिलंय, सासरे गेल्यापासून गोट्या रोज संध्याकाळी त्यांच्या आरामखुर्चीवर चढून बसतो, आणि आई समोर बसून त्याच्याशी बोलतात. मग त्याचा हिशोब त्या खुर्चीवरूनच करा. तो चढतोय, खातोय, अंग चाटून स्वच्छ ठेवतोय, तोवर 5 हजार खर्च करत राहा. चढणं थांबलं, खाणं सुटलं की डॉक्टरांशी स्पष्ट बोला. दवाखान्यात भरती करून आठ-दहा दिवस ओढण्यासाठी पैसे उभे करायचे की नाही, हे आत्ताच, घरात शांतता असताना चौघांनी बसून ठरवा. लेकीलाही बसवा, ती या सगळ्यात आहेच. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून तो निर्णय नीट होत नाही.

आईंनी खंडोबाला नवस बोललाय: चिंगी उठली तर जेजुरीला जाऊन तळी भरायची. त्याचे हजार-बाराशे वरच्या 90 हजारांत नाहीत, पण ते खुशाल खर्च करा, तुम्ही संकोचून शेवटी लिहिले होते तरी. रोज सकाळी त्या चिंगीच्या कपाळाला भंडारा लावतात आणि मग गोळीची वेळ झाली म्हणून तुम्हाला हाक मारतात. त्या घरातली श्रद्धा औषधाच्या आड येत नाही, उलट औषध चुकू देत नाही. ओळखीच्यांनी सुचवलेली 11 हजारांची शांती मात्र करू नका. ‘हमखास गुण येतो’ असं सांगून जो पैसे मागतो, त्याला तुमची काळजी दिसली आहे. त्या 11 हजारांत चिंगीचं तीन आठवड्यांहून जास्त औषध येतं.

विम्याचं विचारलं होतं. मांजरांचा विमा मिळतो, पण आधीपासून असलेल्या आजाराला तो लागू होत नाही, त्यामुळे आत्ता त्यात पैसे घालू नका. प्राण्यांच्या उपचारावर आयकरात सवलतही नाही.

सोमवारी एफडीची पावती आणि पॅन कार्ड घेऊन बँकेत जा. आणि रविवारी परातीत चिंगीचं वजन झालं की तो आकडा मला कळवा, पुढच्या पंधरवड्याच्या औषधाचा हिशोब त्यावरून करून देतो.