आणेवारी: हिश्श्याची आणि पिकाची

प्रश्न असा आला आहे: "आजोबांच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर वडिलांच्या नावापुढे '५ आणे ४ पै' असं लिहिलंय. तलाठी म्हणाले, ही त्यांची आणेवारी. पण पेपरात आणेवारी येते ती दुष्काळाच्या बातमीत, 'पन्नास पैशांच्या आत' वगैरे. दोन्ही एकच का? आणि आणे बंद होऊन एवढी वर्षं झाली, तर आता पैसेवारी म्हणायचं की आणेवारी?"

शब्द एकच आहे, कामं दोन आहेत.

आधी 'वारी'चं बघू. पंढरीच्या वारीशी हिचं नातं नाही. हा फारसीतून आलेला 'वार' प्रत्यय, अर्थ 'त्या त्या हिशेबाने'. तपशीलवार, नाववार हे शब्द त्यातलेच. त्याला 'ई' लागून टक्केवारी, वर्गवारी आणि महसुलातली रयतवारी झाली. तेव्हा आणेवारी म्हणजे आण्यांच्या हिशेबाने सांगितलेला वाटा. हा आणा नाणं नव्हे, अपूर्णांक आहे. पूर्ण वस्तू म्हणजे रुपया, तिचा सोळावा भाग म्हणजे आणा. 'सोळा आणे खरं' म्हणताना आपण कुठे पैसे मोजतो? इंग्रजी अमदानीत इंदापुरापासून जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी, म्हणजे कसानुसार वर्ग लावणं, सुरू झालं, तेव्हा मातीचा कससुद्धा आण्यांतच मांडला जाई. उत्तम काळी जमीन सोळा आणे आणि तिथून उतरत उतरत अगदी हलकी दोन आणे.

आता तुमच्या वडिलांचे ५ आणे ४ पै. बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. मी तर पैजेवर सांगेन की आजोबांना तीन वारस होते. तिघांचे पाच आणे चार पै मिळवा, सोळा आणे पुरे होतात, एक पैही उरत नाही. हेच नव्या पैशांत करून बघा: ३३.३३ तीनदा लिहिलं तरी शंभराला एक शतांश कमीच पडतो, आणि त्या शतांशावरून भाऊबंदकी पेटू शकते! १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पण हिश्श्याच्या बोलीत आणे टिकले. त्यांना अर्धा, पाव, तिसरा, सहावा असे सगळे वाटे सुखाने पेलतात, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

पिकाची आणेवारी वेगळी. तिथे सोळा आणे म्हणजे चांगल्या वर्षाचं ठरवलेलं प्रमाण उत्पन्न, आणि आणेवारी म्हणजे यंदा त्यातलं किती हाती लागलं. हा आकडा जन्मला शेतसाऱ्याच्या पोटी. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा सगळा तंटा त्याच्यावरच होता. नियम असा की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत आत आहे. गांधीजींची बाजूही शेतकऱ्यांचीच होती. सत्याग्रह एका अपूर्णांकावरून झाला, हे पाठ्यपुस्तकात कुणी ठसठशीतपणे सांगत नाही.

पुढे रुपया शंभर पैशांचा झाला आणि सरकारी कागदात ही 'पैसेवारी' झाली. इथली लक्ष्मणरेषा चार आण्यांवर नाही, आठ आण्यांवर, म्हणजे पन्नास पैशांवर. गावातल्या हलक्या, मध्यम, भारी जमिनींतून दहा मीटर लांब-रुंद तुकडे निवडायचे, त्यातलं पीक कापून वजन करायचं, प्रमाण उत्पन्नाशी ताडून बघायचं. आधी नजरेच्या अंदाजाने काढलेली 'नजर पैसेवारी', मग सुधारित, खरिपाची अंतिम डिसेंबरात. पन्नासच्या आत गेलं की महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, गरज पडेल तिथे टँकर. म्हणून गावात या शब्दाची चाल उलटी आहे. "आणेवारी कमी लागली" हे वाक्य सुटकेच्या सुरात येतं. आकडा बावन्न आला की लोक कपाळाला हात लावतात.

दुष्काळ जाहीर करण्याच्या कसोट्या मात्र आता बदलल्या आहेत. केंद्राची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता राज्याने २०१७ मध्ये स्वीकारली. तिच्यात पाऊस, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र, वनस्पतींचा हिरवेपणा असे निर्देशांक बघतात. पैसेवारी तरीही दरवर्षी निघतेच. आणि हो, पीक विम्याचं 'उंबरठा उत्पादन', म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते तो आकडा, हे तिसरंच प्रकरण. त्याचेही कापणी प्रयोग होतात म्हणून गल्लत होते, पण पैसेवारीशी त्याची मोट बांधू नका.

मला या शब्दातली खरी गंमत दुसरीच वाटते. आणे म्हणा नाहीतर पैसे, नावात नाणं आहे, पण हा शब्द भावाबद्दल एक अक्षर विचारत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत कित्येकांना चार-सव्वाचार हजारांवर माल सोडावा लागला. समजा एखाद्या गावाला त्या साली सत्तर पैसे पैसेवारी लागली असेल, तर कागदाच्या लेखी तिथे चांगलं पिकलं, बस्स. दर पडल्याने घरात काय आलं, ते मोजणारी आणेवारी कुणी काढलेली नाही. १९१८ साली ते चालून गेलं, कारण तेव्हा प्रश्न साऱ्याचा होता. आज देशातले शंभरातले पंचेचाळीसच्या आसपास कामकरी शेतीवर आहेत आणि शेतातला बराच माल विकण्यासाठीच पिकतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. अर्ज लिहिताना 'पैसेवारी' लिहा, सरकारी शब्द तोच. बोलताना आणेवारी म्हणा, गावात तेच कळतं. 'आणेवारी ४७ पैसे' हा छापील प्रयोग व्याकरणाच्या पंडिताला खटकेल, मला खटकत नाही; शाई कधीच सुकलेल्या दौतीला आपण अजून दौतच म्हणतो की. खटकतं ते '४७ टक्के पैसेवारी'. पैसेवारीतच शेकडा आला, तो दोनदा कशाला? आणि वडिलांच्या हिश्श्यासाठी मात्र आणेवारीच. त्याला पैसेवारी म्हणालात तर तलाठी तुम्हाला दुष्काळाच्या टेबलाकडे धाडतील.